हिरवळ मोजणारी पन्हळ

माझ्या लाकडी पेटीत आठ वस्तू आहेत. तीन पांढरे चेंडू, एक मोजायची फीत, जमिनीत खोचायच्या दोन काड्या, एक सुती फडके आणि आठवी मी. मित्रांनो, मी एक जुनी अॅल्युमिनियमची पन्हळ आहे. पावसाचे पाणी वाहून नेणारी नव्हे. माझ्या अंगावरून फक्त चेंडू धावतो.

गोल्फच्या मैदानावर प्रत्येक भोकाभोवती अगदी बारीक कापलेली हिरवळ असते. तेथे चेंडू उडवायचा नसतो, जमिनीवरून घरंगळवत भोकात घालायचा असतो. त्या फटक्याला पट म्हणतात. हिरवळीवर चेंडू किती दूर घरंगळतो, हे मोजणे माझे काम.

माझ्या वरच्या टोकाजवळ एक खाच आहे. खाचेत चेंडू ठेवायचा, माझे खालचे टोक जमिनीला टेकवायचे आणि वरचे हळूहळू उचलायचे. ठरावीक चढ आला की चेंडू आपोआप सुटतो. त्यामुळे मला उचलणारा माणूस शांत असो की घाबरलेला, चेंडू दर वेळी सारख्याच वेगाने निघतो. सपाट जागा बघून तीन चेंडू एका दिशेने सोडतात, मग तेच तीन उलट दिशेने. सहा अंतरांची सरासरी काढली की हिरवळीचा वेग कळतो. आठ फूट म्हणजे संथ. तेरा फूट म्हणजे काच.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. तिथला कारागीर माझी खाच कानशीने घासायचा, चेंडू ठेवून बघायचा आणि पुन्हा घासायचा. शेजारचा त्याला म्हणाला, "अरे, अंगठी घडवतोयस का?"

"अंगठी सैल झाली तरी चालते," कारागीर म्हणाला.

सुरुवातीची वर्षे मानाची होती. मला पाहिले की खेळाडू जवळ येत आणि आकडा विचारत. मग मैदानावर एक नवा प्रमुख आला. त्याचा आकड्यांपेक्षा स्वतःच्या बुटाच्या टाचेवर जास्त विश्वास होता. टाच दाबून तो हिरवळीचा वेग सांगे. मी अवजारांच्या खोलीत पडून राहिले. कोणी माझ्याने खिडकीला टेकू दिला, कोणी रंगाचा डबा ढवळला. हिरव्या रंगाचा एक थेंब माझ्या खाचेत वाळून बसला. मित्रांनो, एवढासा थेंब, पण त्याने चेंडू उशिरा सुटतो. असे माप खोटे निघते आणि ते खोटे आहे हे कोणालाच दिसत नाही.

त्यानंतर मैदानप्रमुख म्हणून ताई आली. तिला सगळे कामगार ताईच म्हणत, तिच्याहून मोठे असलेलेसुद्धा. तिने मला शोधून काढले, तेल लावून तो थेंब भिजवला आणि फडक्याने पुसला. खाचेला नख किंवा सुरी लावली नाही. दुसऱ्या मैदानावरून नवी पन्हळ उसनी आणून तिने आम्हा दोघींना एकाच हिरवळीवर धरले. आमचे आकडे जुळले, तेव्हाच तिने मला या पेटीत ठेवले.

ताईचा मोठा भाऊ गोल्फ खेळूनच पोट भरत असे. दोन वर्षांपूर्वी याच मैदानाच्या शेवटच्या हिरवळीवर तो हातभर अंतरावरून चुकला. चेंडू भोकाला वळसा घालून उतारावरून खाली गेला. तेवढ्या हिरवळीवर त्याला चार पट लागले. तेव्हापासून खेळाडू त्याला 'चौपट' म्हणू लागले. वाईट म्हणजे, त्या दिवसापासून पट मारताना त्याचा उजवा हात मध्येच झटका देऊ लागला.

"हात माझाच आहे," तो म्हणायचा, "पण मला विचारत नाही."

यात एक साधे गणित आहे. हिरवळ संथ असली की फटका जोरात मारावा लागतो आणि हाताची थरथर त्यात बुडून जाते. हिरवळ काचेसारखी असली की चेंडूला नुसता स्पर्श करायचा असतो. फटका लहान होतो, थरथर मात्र तेवढीच राहते. म्हणून सरावात दहापैकी दहा पट घालणारी माणसे स्पर्धेत वेगवान हिरवळीवर चुकतात. मी कधी चुकत नाही, कारण मला काही जिंकायचे नसते.

या वर्षीची स्पर्धा पुन्हा याच मैदानावर ठरली. पहिल्या दहांत आला नाही, तर चौपटला पुढच्या वर्षी मोठ्या स्पर्धा बंद होणार होत्या. भाऊ, वहिनी आणि ताई एकाच घरात राहत. नियम असा होता की बोर्डावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा एक शब्दही जास्त ताईने कोणा खेळाडूला सांगायचा नाही. त्या आठवड्यात ती माझी पेटी रोज घरी नेई आणि चपलांच्या कपाटावर ठेवी. जेवताना तिघे हवापाण्याचे बोलत, शेजाऱ्यांच्या कुत्र्याचे बोलत, पण मैदानाचा विषय काढत नसत.

"या घरात दोन माणसं गवतावर जगतात," वहिनी एकदा म्हणाली, "आणि गवताचं नाव काढायचं नाही. त्यापेक्षा गुरं बरी."

"दादा, भाजी वाढू?" ताईने विचारले.

"भाजी हिरवी आहे, जपून बोल," चौपट म्हणाला. तिघेही हसले आणि पुन्हा कुत्र्याचे बोलू लागले.

जेवण झाले की चौपट गुळगुळीत फरशीवर पेला आडवा ठेवून पट मारत बसे. दोन वर्षे त्याने हाच सराव केला होता. वेगवान हिरवळीची भीती घालवायला फरशीहून वेगवान दुसरे काय मिळणार?

शेवटच्या दिवशी सकाळी वारा सुटला. ताईने माझ्याने शेवटची हिरवळ मोजली. तेरा फूट भरले. भोक उतारावर पाडलेले होते. स्पर्धेचे संचालक खूश झाले. त्यांना अवघड हिरवळ हवी होती.

ताईने पेटीतला एक चेंडू त्यांच्या हातात दिला. "भोकाशेजारी नुसता ठेवा, साहेब."

त्यांनी ठेवला. चेंडू क्षणभर थांबला आणि मग निघाला, तो थेट हिरवळीच्या कडेला गेला. त्यांनी दुसरा ठेवला. तोही पहिल्याच्या मागे गेला.

"ठेवलेला चेंडू थांबत नसेल तर तो खेळ नाही, घसरगुंडी आहे," ताई म्हणाली. "पाणी शिंपडून वेग खाली आणायला हवा."

"आणू. पण लोक म्हणतील, भावासाठी केलं."

एरवी ताईने पळभरही विचार केला नसता. भाऊ स्पर्धेत नसता तर एव्हाना पाईप आलासुद्धा असता. तिने माझ्या खाचेवरून अंगठा फिरवला. शेवटी म्हणाली, "म्हणू देत. आज सगळे जण याच हिरवळीवरून जाणार आहेत."

संचालकांच्या देखत हलके पाणी शिंपडले. हिरवळ टिपून घेतल्यावर मला पुन्हा लावले. अकरा फूट दोन इंच. तो आकडा बोर्डावर गेला. आता ठेवलेला चेंडू जागेवर थांबत होता.

दुपारी चौपट शेवटच्या हिरवळीवर आला, तेव्हा माझी पेटी कडेच्या हातगाडीवर उघडी होती. दोन पटांत चेंडू भोकात गेला तर तो दहावा. तीन लागले तर ती जागा त्याच्याबरोबर खेळणाऱ्या मास्तरची. सगळ्यांच्या चुका काढत फिरतो म्हणून त्याला मास्तर म्हणत.

चौपटचा पहिला पट लांबून होता. तो फारच हळू गेला. दोन वर्षे फरशीवर शिकलेल्या हाताने अकरा फुटांच्या हिरवळीला तेरा फुटांचा फटका दिला. चेंडू भोकाच्या बराच अलीकडे थांबला. बहिणीने हिरवळ संथ केली, ती त्याच्याच हाताला परकी झाली होती.

उरलेले अंतर दोन वर्षांपूर्वीच्या अंतराहून जास्त होते. तो बराच वेळ वाकून उभा राहिला. ताई हातगाडीची मूठ धरून जमिनीकडे बघत होती. फटका मारताना त्याच्या हाताने झटका दिलाच. चेंडू डावीकडे निघाला, भोकाच्या कडेला लागला, अर्धा वळसा घेतला आणि आत पडला.

टाळ्या थांबायच्या आधीच मास्तर संचालकांकडे गेला. "दुपारी इथे पुन्हा पाणी मारलंय. मी पाईप पाहिला. त्याचा पहिला पट बघितलात ना, कसा अडकला? बोर्डावर एक लिहायचं आणि भावासाठी दुसरंच करायचं."

"पाईप हिरवळीशेजारच्या वाळूच्या खड्ड्यासाठी होता," ताई म्हणाली. "वाळू उडत होती."

"असं तू म्हणतेस."

"पाणी पडलं असेल तर आकडा सकाळपेक्षा खाली येईल," संचालक म्हणाले. "तसं निघालं तर निकाल रद्द होईल. आणि तुला इथे ठेवता येणार नाही."

"मोजा," ताई म्हणाली. "मी हात लावत नाही. तुम्ही चेंडू सोडा, मास्तर फीत धरतील."

मित्रांनो, इथे मला तुमच्याकडे एक मागायचे आहे. तुमच्या घरात, शाळेत मोजायच्या वस्तू असतील. फूटपट्टी, तराजू, ताप बघायची नळी. त्यांनी डबे उघडू नका, खिळे ठोकू नका. वापरून झाल्यावर पुसून जागेवर ठेवा. एखाद्या दिवशी कोणाचा तरी शब्द खरा की खोटा, हे त्या एकट्या वस्तूवर येऊन ठेपते. त्या दिवशी पुसायला घेऊन उपयोग नसतो.

संचालकांनी मला सकाळच्याच सपाट जागेवर टेकवले. त्यांचा हात थरथरत होता. त्याने काही बिघडले नाही. चेंडू खाचेतून सुटले, तीन जाताना, तीन येताना. प्रत्येक वेळी मास्तरने गुडघ्यावर बसून फीत वाचली आणि आकडा मोठ्याने सांगितला. चौपट हातातली टोपी दुमडत ताईच्या शेजारी उभा होता. संचालकांनी बेरीज दोनदा केली आणि सहाने भागले.

अकरा फूट तीन इंच.