बांधीतलं गाणं

आशाबाईचे धानाचे पऱ्हे वाफ्यातच पिवळे पडू लागले होते, आणि गावातली एकही बाई ती रोपं तिच्या बांधीत, चिखल केलेल्या शेतात, रोवायला यायला तयार नव्हती.

दोष तिचाच होता. चंद्रपूरच्या एका साप्ताहिकात दर रविवारी तिचा लेख येई. शाळा चौथीतच सुटलेली. पुढचं सगळं किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकलेलं. या आठवड्यात काय लिहून झालं, काय अडलं, आईचं-सासूचं काय आठवलं, असं ती ओट्यावर बसून बोलल्यासारखं लिही. सध्या रोवण्याच्या गाण्यांचं पुस्तक करायचं खूळ डोक्यात होतं. त्या नादात तिने एक गाणं जसंच्या तसं छापायला धाडलं. गाण्यात गावातल्याच कमळाची मेलेली सासू होती, दुसऱ्याच्या शेतातल्या पऱ्ह्यांच्या जुड्या चोरणारी, नावागावासकट.

रोवताना बाया एकमेकींच्या घरादारावर अशी गाणी रचतातच. वाकलेल्या कंबरेला तेवढाच विसर. जिच्या घरावर गाणं, तिनेही झील धरायची, म्हणजे मागची ओळ सगळ्यांसोबत म्हणायची. पाय धुतले की विषय संपला. गाणं बांधाच्या बाहेर न्यायचं नाही. आशाबाईने ते जिल्हाभर नेलं. सिंदेवाहीच्या सोयऱ्यांनी पेपर वाचला आणि कमळाच्या पोरीचं ठरलेलं लग्न हसत हसत मोडलं.

"लिव आता," नवरा, नथ्थू, म्हणाला. "पिवळ्या पऱ्ह्यावर लिव. पेपरवाला येईल रोवाले."

शेवटी ती कमळाच्या दारात गेली. कमळा तांदूळ पाखडत होती. तिने मान वर केली नाही.

"कमळाबाई, चुकलं माहं."

"कुठी चुकलं? छान लिवलं. आमच्या सोयऱ्यायले लई आवडलं."

"मी जाऊन सांगतो त्यायले."

"काय सांगशीन? का माही सासू चोर नोती? होती ना. पोटाले नोतं म्हणून होती. मेल्यावर बी तू तिले चंद्रपूरभर हिंडवली."

"मंग मी काय करू?"

तेव्हा कुठे कमळाने वर पाहिलं. "उद्या येतो आमी. सगळ्या येतो. तू बी रांगेत वाकजो. आन झील धरजो."

दुसऱ्या दिवशी बाया आल्या. चहाला कोणी हात लावला नाही. अर्ध्या बांधीपर्यंत नुसता चिखलाचा आवाज. मग कमळाने सूर लावला:

"कुकू पुसलं सोमवारी,
नवरा दिसला मंगळवारी,
आलापल्लीच्या बाजारी!"

बाया खदखदून हसल्या. हे कोणावर, ते आशाबाईला आधी कळलंच नाही. दुसऱ्या कडव्यात तिच्या आईचं नाव आलं. आई याच गावची. नवरा मेला म्हणून तान्ह्या आशाला कडेवर घेऊन माहेरी परतलेली. त्या उघड्या कपाळावर आशाबाईने कितीतरी रविवार लिहिलं होतं. वाचणाऱ्यांनी डोळे पुसले होते.

गाण्यातला बाप मात्र जिता होता. आलापल्लीला सागाची लाकडं ओढत होता, आणि या गावचं कोणी भेटलं की विचारत होता, माही आशी कशी हाय?

तिने कंबर सरळ केली. सगळ्यांचे हात थांबले. ती बांधावर चढली असती तर बायाही चढल्या असत्या.

"हे खरं हाय का?"

"झील धर," कमळा म्हणाली.

"एवढं सांग, कमळाबाई. जिता होता का तो?"

"गाण्याले विचारतेत का असं कोणी? झील धर, नाईतर आमी चाललो."

आशाबाई वाकली. चार रोपं चिखलात खोवली आणि तोंड उघडलं. "आलापल्लीच्या बाजारी..." आवाज फाटला. कमळाने पुढचं कडवं मुद्दाम वरच्या पट्टीत घेतलं. त्यात बापाने पोरीसाठी हिरव्या बांगड्या घेतल्या होत्या. त्याच्या पुढच्या कडव्यात तो त्या कोणाच्या तरी हाती धाडत होता. आशाबाई आता न सांगता झील धरू लागली. प्रत्येक ओळीला कान टवकारून, हसणाऱ्यांकडे न बघता.

बांधी संपली की गाणंही संपणार, म्हणून शेवट जवळ आला तसे तिचे हात मंदावले. एकेक रोप उगाच दोनदा दाबत ती मागे राहू लागली.

कमळाच्या ते लक्षात आलं. तिने गाणं तिथेच अर्धवट टाकलं, आणि उरलेला तुकडा बाया मुकाट्याने रोवून गेल्या.