चाळीस टक्क्यांची परीक्षा

आमच्या घरातून तयारी न करता कुणी परीक्षेला गेलेलं नाही. माझी सासू गोजरबाई करमाडला दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायची आणि पोराला बांधावर बसवून पाढे म्हणवून घ्यायची. तिला स्वतःला एकही पाढा येत नव्हता. पण पोराचा सूर अडखळला की तिला चूक कळायची, आणि मग पहिल्यापासून. तो पोरगा म्हणजे माझा नवरा संघपाल. तो आता वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. मुलाखतीला जाताना तिने त्याला सांगितलं होतं, साहेबाच्या डोळ्यांत बघायची भीती वाटली तर भुवयांकडे बघ, त्याला काय कळणार नाही. साहेबाला कळलं नाही आणि याला नोकरी लागली.

आमची सायली सात वर्षांची आहे आणि तिला ऑटिझम आहे. हे वाक्य सरळ म्हणायला मला फार वेळ लागला. आधी मी 'उशिरा बोलेल' म्हणायचे, मग 'जरा हट्टी आहे' म्हणायला लागले. मग आमच्या बजाजनगरमधल्याच एका शाळेने आम्हाला बोलावून चहा पाजला आणि मुलगी फार गोड आहे, तिला दुसरीकडे न्या, असं सांगितलं. शाळेने चहा पाजला की विषय संपला, हे मला तेव्हापासून समजतं.

एका शिबिरात पाहुणे म्हणाले की राज्यात अशी मुलं किती आहेत याचा नेमका आकडाच सापडत नाही. सापडणार कसा? आमच्याच कॉलनीत एक बाई आहेत. घरी कुणी आलं की त्या आपल्या मुलाला आतल्या खोलीत टीव्ही लावून देतात आणि दार ओढून घेतात. भाजीच्या गाड्यावर मला हळूच विचारतात, "तुमची रात्री झोपते का हो?" मी म्हणते, नाही. त्यांना बरं वाटतं. पण मोजणारं कुणी दारात आलं की मुलगा मामाकडे गेलेला असतो.

क्रांती चौकाजवळ सरिता मॅडमचं अशा मुलांसाठीचं केंद्र आहे. तिथे सायली तासभर बसली आणि एकदाही किंचाळली नाही. मला रडू आलं, ते मी पदरात उरकून घेतलं. एक जागा रिकामी झाली होती. पण केंद्राला मदत करणाऱ्या संस्थेला सरकारी प्रमाणपत्र लागतं, चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं. "महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवते, रत्नमालाताई. पुढे माझ्या हातात नाही," सरिता मॅडम म्हणाल्या. सरकारी दवाखान्यातली तारीख मिळाली ती नेमकी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली. माझा जीव टांगणीला लागला.

संघपालने आईला फोन केला. "आई, सायलीची टेस्ट हाये. चाळीसच्या वर टक्के पडले तर ॲडमिशन पक्की."

त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गोजरबाई पिशवी घेऊन दारात हजर.

"चाळीसच?" ती म्हणाली. "नव्वद पाडू की."

मला वाटलं, थट्टा करतेय. गोजरबाई थट्टा करत नाही, हे इतक्या वर्षांत मला कळायला हवं होतं.

दुपारी मी ब्लाउज शिवायच्या दुकानात जायचे, तेव्हा सायली आजीपाशी असायची. मी परत यायचे तेव्हा दोघी शांत असायच्या. सायली मधूनच भिंतीला "संघपाल, करमाड" असं सांगायची. टीव्हीवरच्या जाहिराती ती अशाच म्हणते, म्हणून मी लक्ष दिलं नाही. फुटाणे मात्र फार लवकर संपत होते. म्हातारीला आवडत असतील म्हणून मी अजून आणून ठेवले.

तारखेच्या दिवशी संघपालला सुट्टी मिळाली नाही, म्हणून आम्ही तिघी गेलो. नव्या खोलीत शिरली की सायली जमिनीवर आडवी होते. त्या दिवशी ती मानसशास्त्राच्या मॅडमपुढे ताठ उभी राहिली आणि त्यांच्या भुवयांकडे बघत म्हणाली, "जय भीम."

मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"जय भीम, बाळा. नाव काय तुझं?"

"सायली."

"बाबांचं नाव?"

"संघपाल."

"गाव कुठलं?"

"करमाड."

मॅडमनी रंगीत ठोकळे काढले. लाल, पिवळा, हिरवा. एकही चुकला नाही. प्रत्येक उत्तराला गोजरबाई पाठीमागून तिच्या तळहातावर एक फुटाणा ठेवत होती. मॅडम तेव्हा खाली बघून लिहीत होत्या. आपलं नशीब कधी नव्हे ते इतकं चोख चालावं, आणि तेही त्याच दिवशी!

"छान बोलते की," मॅडम म्हणाल्या. "नजरेला नजरही देते."

"मॅडम, तिला हे येत नाही," मी म्हणाले.

"आत्ता तर आलं."

"आलं, पण येत नाही."

माझं मलाच ऐकवेना. इतकी वर्षं मी शाळेला, शेजाऱ्यांना, नात्यातल्या प्रत्येकाला पटवत आले होते की माझ्या मुलीला सगळं कळतं. आणि आता तिच्याच समोर बसून तिला काय काय जमत नाही ते सांगत होते. दात घासायला दोन माणसं लागतात. मिक्सर लावला की भिंतीवर डोकं आपटते. उपाशी असली तरी सांगत नाही. मला माझी भयंकर लाज वाटली.

"रत्नमाला!" गोजरबाई कडाडली. "स्वतःच्या पोरीची चहाडी करती का?"

मॅडम चिडल्या नाहीत. "तुम्ही सांगताय ते मला आज दिसत नाहीये. घाईने काही लिहीत नाही. पुढच्या तारखेला पुन्हा बघू."

"पुढची तारीख कधी?"

"फेब्रुवारी उजाडेल."

"मंग ॲडमिशन?" गोजरबाईने मला विचारलं.

मग मी तिला सांगितलं. "आत्याबाई, इथं न येण्याचे टक्के असतात. जेवढं येत नाही, तेवढे टक्के जास्त. तुम्ही तिला सगळं शिकवलंत. आता जागा गेली."

गोजरबाईने फुटाण्यांच्या पुडीचं तोंड बांधलं, पुडी पिशवीत टाकली आणि उभी राहिली.

"बाईसाहेब, म्या शिकवलं हिला. लई घोकून घेतलं. आता म्या न शिकवलेलं इचारा."

"काय विचारू, आजी?"

"ही कोण म्हून इचारा," तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "सायली, ही कोण गं?"

सायली ठोकळ्यांकडे बघत राहिली. मॅडमनी पुन्हा विचारलं. मग गोजरबाई गुडघ्यांवर हात टेकत तिच्यासमोर खाली बसली. "सायले, म्या कोण?"

सायलीने आजीची मूठ एकेक बोट सोडवून उघडली. आत काहीच नव्हतं. तिने आजीच्या भुवयांकडे पाहिलं आणि म्हणाली, "लाल. पिवळा. हिरवा."

"तान्ही व्हती तवा माझ्याच मांडीवर वाढली, बाईसाहेब," गोजरबाई म्हणाली. "एकदा बी म्हणली नाय."

मॅडमनी नवा कागद घेतला, खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी त्या आमच्याशी जास्त बोलल्या आणि सायलीकडे नुसतं बघत बसल्या. गोजरबाईने काही म्हणजे काही लपवलं नाही. मी डॉक्टरांनासुद्धा कधी सांगितल्या नव्हत्या अशा गोष्टी तिने सांगितल्या. साठ टक्के पडले. मी तिथूनच सरिता मॅडमना फोन केला. जागा सायलीची झाली.

बाहेर येऊन गोजरबाई पायरीवर बसली. मी शेजारी बसले. सायली रेलिंगवरून बोट फिरवत होती. आता ही मला काहीतरी बोलणार, असं मला वाटलं. बोलली असती तरी मी ऐकून घेतलं असतं.

"रोज सकाळी उठलं की वाटायचं," ती म्हणाली, "आज म्हणंल. आजी म्हणंल. आज त्या खोलीत तिनं माझ्याकडं बघितलं ना, तवा म्या मनातल्या मनात म्हणत व्हते, नको गं बाई. आज म्हणू नको."

तिने पदराने आधी सायलीचं नाक पुसलं, मग स्वतःचं. आणि बजाजनगरची बस कुठून मिळते ते विचारलं.