येणाऱ्या प्रोसेसरची पैसेवारी

धनंजयचा कम्प्युटर किती हळू होता हे मी सांगितलं तर तुम्ही मला थापाड्या म्हणाल, आणि ते तुम्ही तसंही म्हणताच. सकाळी बटण दाबून धनंजय आंघोळीला जाई, देवपूजा करी, भाजी घेऊन येई, तरी पडद्यावर ते गोल चक्र फिरतच असे. एकदा त्या चक्राकडे बघत उभ्या राहिलेल्या म्हशीला घेरी आली. म्हैस तुलारामची होती, विचारा त्याला.

अशा डब्ब्यावर मोहाडीच्या तहसील कचेरीसमोरच्या दुकानात बसून धनंजय कोशाच्या रेशमी साड्यांचे काठ काढायचा. मोर असो की वेल, चौकटी-चौकटीत मांडायची, त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची आणि ते पुठ्ठे मागावर चढवायचे, असं ते काम. गणपतीच्या दिवसांत नागपूरचे व्यापारी संजीवभाऊ आले. म्हणाले, "बारा नवे काठ पाहिजेत, संक्रांतीच्या आत. जमलं तर लग्नसराईचा अख्खा माल तुमच्या अठरा मागांवर. नाही जमलं तर मी पवनीच्या मागवाल्यांकडे चाललो."

अठरा माग म्हणजे अठरा घरं, आणि त्यातलं एक दामिनीचं माहेर. दामिनी ही धनंजयची बायको. तिनं नवऱ्याला दुसऱ्याच दिवशी डबा बांधून दिला आणि सांगितलं, "नागपूरले जा अन् नवा कम्प्युटर घेऊनच या."

निघालाही होता तो. बसस्टँडवर नेमके जागेश्वर पटवारी भेटले.

जागेश्वरांनी उभी नोकरी पैसेवारी करण्यात घातली. धान कापायच्या आधी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहून पीक किती उतरेल याचा सरकारी अंदाज करायचा, ती पैसेवारी. पन्नास पैशांच्या वर गेली तर सुकाळ, खाली राहिली तर दुष्काळ. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. गोंदिया जिल्हा आमच्यातून वेगळा झाला त्या साली ते निवृत्त झाले. अर्धं धान तिकडच्या जिल्ह्यात गेलं, पण नजर सगळीच्या सगळी इकडे राहिली, आणि तिला काही काम नव्हतं.

"कुठं चालला गा?"

"कम्प्युटर घ्याले, काकाजी."

"येडा झाला का? नवा प्रोसेसर येऊन राहिला. आज घेशील तो येताबरोबर म्हातारा होईल."

"कवा येते?"

"येईल तवा येईल. पह्यले त्याची पैसेवारी करू."

बस गेली. धनंजयनं डबा दुकानातच खाल्ला, आणि तिथे समिती बसली. जागेश्वर अध्यक्ष, धनंजय सचिव, आणि मी. अशा कामाला एक भरवशाचा खोटारडा लागतोच.

मोबाइलवर कुणी तरी चोरून काढलेला फोटो आला होता. बोटाच्या नखाएवढा चौकोन, तोही धूसर. जागेश्वरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पिकलेली धानाची बांधी न्याहाळावी तसा तो न्याहाळला.

"कोर किती?"

"आठ म्हणतात."

"मागच्याले?"

"चार होते."

"लोंब भरलेली दिसते. चौऱ्याहत्तर पैसे लिही."

"पण काकाजी, कोणी चालू करून नाही पाह्यला अजून."

"धान का खाऊन पाह्यतो आपण? धुऱ्यावरून दिसते."

ही झाली नजरअंदाज. कोजागिरीला सुधारित ठरली तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, नाकाडोंगरीचा माझा भाचा बंगलोरला त्याच कंपनीत झाडू मारतो, त्यानं आपल्या डोळ्यांनी पाहिलं, सात पट वेग! मला भाचा नाही. बहीणच नाही, तर भाचा कुठून येणार? पण धनंजयनं ती बातमी मोबाइलवर दहा जणांना धाडली. तिसऱ्या दिवशी दिल्लीचा एक पोरगा व्हिडिओत घसा फोडून ओरडत होता, 'आतल्या गोटातली पक्की खबर, सात पट!'

"पाहा," जागेश्वर म्हणाले, "दिल्लीनंही मान्य केलं."

खरं सांगतो, तेव्हापासून माझाही विश्वास बसला. दिल्लीहून आलेल्या गोष्टीवर शंका घेणारा मी कोण? उलट मला त्या भाच्याची काळजी वाटू लागली.

दिवाळी गेली तरी बारांतला एकच काठ झाला होता, तोही अर्धा. दामिनी दुकानात आली ती उभ्यानंच बोलली.

"काकाजी, तुमचा प्रोसेसर येईपर्यंत संजीवभाऊ थांबन का?"

"पोरी, आज घेतला अन् उद्या चांगला आला तर पस्तावशील."

"अन् उद्याचा घेतला अन् परवा आणखी चांगला आला तं?"

अध्यक्षांनी पुष्कळ विचार केला. म्हणाले, "मंग परवाचाच घेऊ."

दामिनी घरी गेलीच नाही. ती थेट तुमसरला गेली. तिथे एक टायपिंगचा क्लास बंद पडला होता, त्यातला एक कम्प्युटर तिनं स्वस्तात विकत घेतला, दुपट्यात गुंडाळला आणि बसमध्ये मांडीवर घेऊन आली. कंडक्टरनं लेकराचं वय विचारलं म्हणतात. घरी चुलीच्या खोलीत तिनं तो मांडला. माहेरी लहानपणापासून ती चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं काठ उतरवायची. पडद्यावरही शेवटी चौकटीच असतात.

धनंजयनं डब्ब्याचं झाकण उघडून आत पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "दामिनी, हा तं चार कोरवाला! तीन पिढ्या मागचा!"

"मोर काढते का?"

"काढते, पण किती वेळात?"

"मले मोर विणाचा आहे जी, त्याच्यासंगं पळाचं नाही."

डिसेंबरात तो प्रोसेसर खरोखर आला. दुकानात तर नाही, मोबाइलवरच आला. ज्यांनी चालवून पाहिला त्यांनी मोजमाप दिलं: आधीच्यापेक्षा दुप्पट. दुप्पट! दुसऱ्या गावात पेढे वाटले असते. आमच्या समितीत सुतक आलं. सात पटीच्या हिशेबानं अंतिम पैसेवारी निघाली अठ्ठावीस पैसे. जागेश्वरांनी तिथेच दुष्काळ जाहीर केला आणि रीतसर अर्ज लिहून समोरच्या कचेरीत नेऊन दिला. बाबूनं अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला आणि एवढंच विचारलं, "शेताचा गट नंबर?"

संक्रांतीला चार दिवस असताना संजीवभाऊ आले. धनंजय त्यांना प्रोसेसरचं समजावू लागला. कोर सांगितले, दुष्काळ सांगितला, ज्या कंपनीनं सात पट म्हटलंच नव्हतं तिनं कसं फसवलं तेही सांगितलं. संजीवभाऊंनी घड्याळ पाहिलं आणि पवनीच्या बसची वेळ विचारली. तेव्हा दामिनीनं त्यांना घरी बोलावलं आणि खाटेवर बारा काठ पसरले.

संजीवभाऊंनी प्रत्येक काठ उजेडाकडे धरून पाहिला. बाराव्याला चपला काढून खाली बसले. "ताई, चहा टाका," म्हणाले. "पुढच्या सालचे चोवीस तुम्हालेच सांगतो."

दुसऱ्या दिवसापासून अठरा माग खटखटू लागले. पुठ्ठ्यांचे गठ्ठे घरोघर पोचवायचं काम धनंजयकडे आलं. गठ्ठा डोक्यावर घेऊन तो निघाला की जागेश्वर वाट अडवायचेच. एके दिवशी म्हणाले,

"ऐकलं का गा? पुढल्या साली सोळा कोरवाला येऊन राहिला."

धनंजयचे पाय थांबले. त्यानं गठ्ठा हळूच खाली ठेवला, खिशातला मोबाइल काढला. दारातून दामिनीचा आवाज आला.

"अजी, पुठ्ठे नेयाले किती कोर लागतात?"

त्यानं गठ्ठा उचलला आणि चालू लागला. वळणावरून तो दिसेनासा होईपर्यंत मी वाट पाहिली, मग जागेश्वरांजवळ सरकलो.

"सोळा नाही हो," मी म्हटलं. "माझा भाचा चोवीस म्हणून राहिला."