आभाळातली पहिली गाडी

“अवो, हात धरा ना. बांधावरून पडसाल.”

“बांध काय पळून चाललाय का? चल जल्दी.”

रामप्रसाद काठी आपटत पुढे निघाले आणि नंदाबाई त्यांच्या मागून. उभा जन्म एसटी चालवलेला माणूस, बायकोचा हात धरून चालणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. उजवा डोळा काचबिंदूनं कधीच गेला होता, आणि डावा राहील याची हमी जालन्याच्या डॉक्टरांनी दिली नव्हती. तेव्हापासून त्यांनी एकच ध्यास घेतला होता. माणसं घेऊन पृथ्वीभोवती फिरणारं ते अंतराळ स्थानक, त्यांच्या भाषेत यान, नजर आहे तोवर बघायचं. नात आकांक्षानं फोनवर वेळ कळवली होती. घराजवळ, वाटूर फाट्यावरच्या दिव्यांपुढे चांदण्यांचं काही चालत नाही, म्हणून दोघं पहाटे थेट शेतात आली होती.

नंदाबाईंना हे सगळं खूळ वाटत होतं. पण नवऱ्यासाठी जीव तुटत होता, त्याला काय करणार?

“शुक्र दिसून राह्यला का?” त्यांनी विचारलं.

“दिसतो की थोडा. पहिली गाडी घेऊन निघालो की रोज काचंसमोर असायचा.”

तेवढ्यात नंदाबाई ओरडल्या, “ते बघा, आलं!”

“लुकलुकतंय का?”

“हो, लाल.”

“मंग इमान हाय ते. यान उन्हानं चमकतं, लुकलुकत न्हाई. नीट बघ.”

विमान निघून गेलं. मग बाभळीच्या शेंड्यावरून एक ठिपका संथपणे वर सरकू लागला.

“बाभळीवर बघा, बाभळीवर!”

रामप्रसादांनी डोळा चोळला, मान उंच केली. तोंड भलतीकडेच होतं.

“न्हाई दिसत,” ते म्हणाले. खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नाही.

नंदाबाई घराकडं वळल्या. “ऱ्हाऊ द्या. चला घरी.”

“घरी कशाला? गाडी मागं घेताना मला मागचं कवा दिसत व्हतं? कंडक्टर खाली उतरून सांगायचा, मी त्याच्या आवाजावर बराबर लावायचो. तू सांग.”

नंदाबाईंनी घाईघाईनं पदरानं डोळे पुसले.

“येऊ द्या... येऊ द्या... जरा उजवीकडं. अजून वर. आता डोक्यावर आलं. वळा, येऊ द्या...”

त्या आवाजाबरोबर रामप्रसादांची मान फिरली, मग सगळं अंगच वळलं. काठी हातातून सुटली, ती त्यांनी शोधली नाही. चेहरा ताठ वर होता.

“शुक्राच्या डावीकडून खाली चाललंय. येऊ द्या...”

यान केव्हाच दिसेनासं झालं होतं. नंदाबाई सांगतच राहिल्या.