माघारी भरलेली सभा

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. मला पाहून कोणी हरखून जाईल अशी माझी अपेक्षा नाही. चार जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठी जोडून मैथिलीने मला जपानमध्ये, क्योतोतल्या भाड्याच्या घरात बनवले, ते साल २००४. ती विद्यापीठात मंगोल खानांच्या गादीच्या भांडणांवर पीएचडी करत होती. ज्यांना गादी मिळाली त्यांची नावे तिने लाल शाईने लिहिली, ज्यांची हुकली त्यांची काळ्या. काळी शाई दोनदा आणावी लागली.

तिचा नवरा अंबरीष ओसाकातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. त्याचा मित्र नंदकिशोरही तिथेच. दोघे पुण्याहून एकाच विमानाने आलेले. दर रविवारी नंदकिशोर जेवायला येई आणि कोणी कोणाचा काटा काढला, हे माझ्यासमोर उभा राहून विचारी. तेव्हा माझा ऊर भरून येई.

मग टीम लीडची जागा रिकामी झाली. दावेदार हे दोघेच, त्यात नंदकिशोर जरा वरचढ. नेमका तो वडिलांच्या ऑपरेशनसाठी पंधरा दिवस गावी गेला. जपानी ऑफिसात निर्णय मीटिंगमध्ये होत नाही. आधी एकेकाला गाठून त्याचा होकार मिळवतात. त्याला नेमावाशी म्हणतात. अंबरीषने त्या पंधरा दिवसांत सगळ्यांना गाठले.

"तुझ्या कुबलाई खानानं हेच केलं ना?" त्याने मैथिलीला विचारले. "भाऊ लांब राजधानीत, आणि यानं आपल्याच छावणीत सभा भरवून गादी घेतली."

"हो. पुढे चार वर्षं दोघं लढले, तेही वाच."

अंबरीषने ते वाचले नाही. जागा त्याला मिळाली.

नंदकिशोर परतला आणि रविवारी भाकरवडी घेऊन आला. त्याने अंबरीषचे अभिनंदन केले. मग माझ्यापाशी येऊन कुबलाईच्या भावाच्या काळ्या नावावर बोट ठेवले.

"वहिनी, सभेसाठी ह्याची वाट कुणी पाहिलीच नाही?"

मैथिलीने नवऱ्याकडे पाहिले. तो ताटात पाहत होता.

"नाही, भावजी," ती म्हणाली.

नंदकिशोर पोटभर जेवला, आमटीची तारीफ केली आणि गेला. पुढच्या महिन्यात त्याने लांब उत्तरेला, सेंदाईला बदली मागून घेतली. पुन्हा तो आला नाही.

मैथिलीला पदवी मिळाली आणि माझी गुंडाळी कपाटावर गेली. रविवारी आता दोनच ताटे वाजतात. मला त्याचे वाईट वाटते.

मित्रांनो, माझी धूळ झटकली नाहीत तरी चालेल. पण तुमच्यातला कोणी गावी गेला असेल, तर तो येईपर्यंत थांबा. अंबरीष थांबला असता, तर जागा कदाचित नंदकिशोरला मिळाली असती, आणि पेढे घेऊन तो आधी याच घरी आला असता.