बस की रे, ठेकेदारा

माझा नवरा ठेकेदार झाला, ते बी दवाखान्यात खाटंवर पडल्या पडल्या. औरादच्या डाळमिलच्या पट्ट्यात उजव्या हाताची बोटं गेली. जखम ओली हाय तवरच मालक श्रीपतराव येऊन म्हनले, "बाणूबाई, पिराप्पा माझा नोकर न्हाईच. पोती उचलायचा ठेका घेतलेला सोतंत्र मानूस हाय. भरपाई मी कामून देऊ?"

आगं माय! लग्न झाल्यापसून ह्या ठेकेदाराला मी भाकरी बांधून द्यायलेय, आन् मलाच पत्ता न्हाई! मालक म्हनतील तवा मिल उघडायची, मालकाची गाडी धुवायची, मालकिणीचं दळण आणायचं. माझ्या भावाच्या लग्नाला सुट्टी दिली न्हाई, तर आमचा ठेकेदार गपगुमान पोती शिवत बसला. आता त्या हातानं दोरी बी धरता येईना. भरपाई न्हाई मिळाली तर आमी खायाचं काय?

बीदरला कामगार कचेरीत सायेबांपुढं सुनावणी लागली. श्रीपतरावांनी पंख्याखालची खुर्ची धरली. आमच्या ठेकेदारानं चपला दारात काढल्या आन् भिंतीला चिकटून हुभारला. मिलमधी मालकासमोर खुर्चीवर कुणी बसतच न्हाई.

"सायेब, ह्यो त्याच्या मनाचा राजा हाय," मालक म्हनले. "वाटलं तर येतो, न्हाई तर न्हाई. माझा हुकूम त्याच्यावर चालत न्हाई."

"मग बसा की," सायेब माझ्या नवऱ्याला म्हनले. "खुर्ची रिकामी हाय."

ह्यो हालंना. मालकाच्या तोंडाकडं बघायला. सायेबांनी पुन्यांदा सांगितलं, तरी तसाच. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तेवढ्यात मालकच उखडले, "आरं ए पिऱ्या! बस म्हनलं की बसायचं! कळत न्हाई व्हय?"

ह्यो टकदिशी बसला.

सायेबांनी पेन खाली ठेवलं. "श्रीपतराव, माझं ऐकंना, तुमचं लगीच ऐकला. हुकूम चालत न्हाई म्हनलाव न्हवं?"

मालक रुमालानं मान पुसायले.

सायेबांनी तितंच सांगितलं, ह्यो नोकरच, भरपाई द्यावी लागंल. नवरा नोकर ठरला म्हनून डोळ्याला पाणी आलेली औरादातली मी पयलीच बाई असंन.

मालक तणतणत उठले. त्यांची पिशवी तितंच ऱ्हायली. तर आमचा येडा उठून पट्टी बांधल्या हातानं ती उचलाया वाकला.

"अवं, ठिवा ती खाली!" मी वरडले आन् सदऱ्याला धरून त्याला परत खुर्चीवर बसवलं. ह्या बारीला हुकूम माझा होता.