वहिनी माझ्यावर विसंबली

मित्रांनो, मी पाण्याचा एक जुना मीटर आहे. दोन भावांच्या सामाईक बोअरवर, पंपाच्या पाइपला मी जोडलेला आहे. कारखान्यात माझ्या पोटात चक्र बसवले आणि तोंडावर काच. बोलता मात्र मला फक्त आकड्यांतच येते.

मी येण्याआधी इथे पाणीपट्टी जमिनीच्या मापावर होती. एकदा भरली की पंप कितीही चालवा! बांधावरचे गवतसुद्धा मनसोक्त प्यायचे. मग नियम आला: जेवढे उपसाल, तेवढ्याचे दाम. मला पाहून धाकट्याने नाक मुरडले. थोरल्याची बायको, म्हणजे धाकट्याची वहिनी, मात्र रोज ओल्या फडक्याने माझी काच पुसायची. आकडे फुगले की पंप लवकर बंद करायची. बोअरमध्ये डोकावून पाहता येत नाही; खालचा अंदाज ती माझ्यावरूनच बांधायची. "हा आहे म्हणून आपण ताळ्यावर आहोत," असे ती म्हणाली की मला फार बरे वाटे.

एके दिवशी धाकट्याने माझ्या अंगाला लोहचुंबक चिकटवले आणि काच तेवढी उघडी ठेवून वर गोणपाट गुंडाळले. पाणी धो धो वाहत होते, पण माझे आकडे जेमतेम सरकत होते. मला हूं की चूं करता येईना.

वहिनी हरखली. "भाऊजी, केवढं पाणी वाचवलंत! पडीक तुकड्यात लिंबं लावू या?"

"लावा की," तो खाली बघत म्हणाला. नाही म्हणायचे तर कारण सांगावे लागले असते.

तिने माहेराहून निवडून रोपे आणली. काही दिवसांतच पाण्यातून वाळू येऊ लागली. माझ्या चक्राला ओरखडे पडले. बोअरचे पाणी तळाला गेले, या विचाराने मला भीती वाटू लागली. धार बारीक झाली तेव्हा ती म्हणाली, "पाइपात काहीतरी अडकलंय. पाणी तर भरपूर आहे."

रोपे माना टाकू लागली तेव्हा धाकट्याने घाबरून चुंबक काढले. आज सकाळी पंप सुरू झाला आणि खालून नुसती हवा आली. मित्रांनो, माझे चक्र हवेनेही फिरते, पाण्याहून जोरात. आकडे सुसाट पळाले.

"भाऊजी, पाणी आलं!" वहिनी ओरडली आणि बागेकडे धावली. धाकटा जागीच उभा राहिला. पाइपातला फुसकारा त्याला ऐकू येत होता.

मित्रांनो, पाण्याला मोल लावा, पण ते मोजणाऱ्याचा गळा आवळू नका. तिकडे ती रोपांपाशी पाइपचे तोंड धरून बसली आहे, आणि इकडे मी फिरतोच आहे.